अनुभव : निरंक

मी आमच्या गल्लीची 'जलवेळ समन्वयक' आहे. म्हणजे नळाला पाणी आलं की शेजारच्या चार दारांवर थाप मारते. लग्न होऊन भिंगारला आले तेव्हापासून हे काम मी करते आहे, पण त्याला पद असतं हे मला शेजारच्या शांतवन गायकवाड सरांनी सांगितलं. नुसतं सांगितलं नाही, तर रीतसर टाइप केलेलं, खाली सही केलेलं नेमणूकपत्र प्लास्टिकच्या पाकिटात घालून आणून दिलं. त्याच दिवशी आमच्या ह्यांना 'दुचाकी लावणी प्रमुख' नेमलं, कारण हे गाडी भिंतीला सरळ रेषेत लावतात. ह्यांनी ते पत्र फ्रिजवर चिकटवलं. तेव्हापासून गाडी जरा वाकडी लागली की मी राजीनामा मागते.

सरांच्या घरातही कुणाची सुटका नाही. मार्थावहिनींना त्यांनी स्वयंपाकघराच्या अध्यक्षा केलं, तेव्हा त्या कणीक मळता मळता म्हणाल्या, "अध्यक्षा राहू द्या. सिलिंडर संपलाय, तेवढा उपाध्यक्षांनी आणावा." सर निमूट उठले आणि सिलिंडर घेऊन आले. दारात टेकवून मला म्हणाले, "बघा ताई, माझीपण ओळ झाली."

ही ओळ काय भानगड आहे ते सांगते.

सर नगरच्या एका कॉलेजात प्रयोगशाळा सहायक आहेत. शिकवत नाहीत, पण सगळी पोरं सरच म्हणतात. तिथल्या विद्यार्थी मंडळाचं काम बघायला कुणी प्राध्यापक तयार होईना, म्हणून ते यांच्या गळ्यात पडलं. विद्यार्थी मंडळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर काय येतं? फलक, फेटे, स्नेहसंमेलनात कुणाचं गाणं आधी यावरून भांडण. सरांना यातलं काहीच मान्य नाही. त्यांच्या मते मंडळ एकाच कारणासाठी असतं. पोरगं उद्या नोकरीचा अर्ज लिहायला बसेल, तेव्हा 'अनुभव' या शब्दापुढे त्याला एक ओळ लिहिता आली पाहिजे.

म्हणून त्यांच्या मंडळात साधा सभासद कुणीही नाही. साठ-सत्तर पोरंपोरी, सगळी प्रमुख. खुर्ची वाहतूक प्रमुख आहे, सायकल स्टँड शिस्तप्रमुख आहे, माईक चाचणी प्रमुख आहे. एकदा मी विचारलं, "सर, सगळेच प्रमुख, मग हाताखाली कोण?" तर म्हणाले, "हाताखाली काम असतं ताई. माणूस कशाला पाहिजे?"

पद दिलं की ते पोराला महिनाभर राबवून घेतात. मग त्याच्याकडून लिहून घेतात, काय केलं, कसं केलं, कुठे फसलं. त्यानंतर म्हणतात, "ओळ झाली."

त्यांचं वैर फक्त एका शब्दाशी आहे. निरंक. सरकारी कागदावर 'काही नाही' असं लिहिण्याची जी शहाणी पद्धत आहे, तो शब्द. सर पहिल्या मुलाखतीला गेले, तेव्हा साहेबाने अनुभवाच्या रकान्यात त्यांच्या डोळ्यांदेखत लाल शाईने 'निरंक' लिहिलं. "तेव्हा मी तीन वर्षं चर्चमधली चाळीस पोरं रविवारी सांभाळत होतो," सर सांगतात. "गल्लीतल्या सगळ्यांचे पंखे दुरुस्त करत होतो. पण त्याला अनुभव म्हणतात हे मला कुणी सांगितलंच नव्हतं ना."

आता माझं. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात कार्मिक विभागात आहे. गल्लीत समज असा की मी लोकांना नोकरी लावते. प्रत्यक्षात मी आलेल्या अर्जांचे दोन गठ्ठे करते. एक साहेबांकडे जातो, दुसरा कपाटात. गल्लीतल्या प्रत्येक घराने कधी ना कधी भाच्या-पुतण्यांचा बायोडाटा माझ्या पिशवीत सरकवलेला आहे. सरांनी मात्र एकदाही नाही. एवढी पोरं हाताखालून गेली, पण माझं नाव त्यांनी कुणाला सांगितलं नाही. "ओळखीने नको ताई," ते म्हणायचे, "ओळीने लागू दे."

मला ते फार छान वाटायचं. खरं सांगायचं तर सोयीचं वाटायचं.

मागच्या वर्षी आमच्या स्टोअरला एक सहायक हवा होता. अर्जांचा ढीग आला. चाळता चाळता एका अर्जावर मी थांबले. सोनाली नावाची मुलगी, गाव पाथर्डीकडचं, बी.कॉम. अनुभव : हरवलेली ओळखपत्रे विभागप्रमुख, विद्यार्थी मंडळ.

हे कुणाचं काम आहे ते मला लगेच कळलं. हसू आलं. चहाची वेळ होती, मी तो अर्ज सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवला. वाचण्यात मी तशी बरी आहे, 'विभागप्रमुख'वर छान थांबले. साहेब म्हणाले, "हिला घ्या, माझा चष्मा रोज हरवतो." सगळे हसले. हशा माझ्यामुळे झाला याचा मला, कबूल करायला हरकत नाही, थोडा आनंद झाला. अर्ज कपाटाच्या गठ्ठ्यात गेला. मनाशी म्हटलं, उगाच शेजारच्यांचं माणूस पुढे केलं असं दिसायला नको.

जागा साहेबांच्या भाच्याला मिळाली. त्याच्या अर्जात अनुभव 'निरंक' होता. ते कुणी मोठ्याने वाचलं नाही.

महिन्याभराने एका संध्याकाळी सर दारात उभे. मागे एक सडपातळ मुलगी, पाठीला सॅक. "ताई, ही सोनाली. नोकरीचं म्हणायला आलो नाही. हिचा अर्ज सगळीकडून परत येतोय. तुम्ही रोज अर्ज वाचता. ओळीत काय चुकतंय तेवढं बघता का?"

मी तो अर्ज पहिल्यांदाच बघत असल्यासारखा हातात घेतला. काहीतरी विचारायला हवं म्हणून विचारलं, "म्हणजे नेमकं काय करायचीस तू?"

"कार्डं सापडायची मॅडम, कुटंबी. कँटीन, एसटी स्टँड, एकदा तर शिपाईमामांच्या डब्यात. आधी नुसती खोक्यात पडायची. मग मी वर्गाप्रमाणं कप्पे केले. कुठनं आलं, कधी आलं, कुणी नेलं, सही. नेलं न्हाई तर आठव्या दिवशी फोन."

"एकाच नावाच्या दोघी असल्या तर?"

"फोटू बघायचा. पर त्या फोटूत कुणीच वळखू येत न्हाई. मग मी जन्मतारीख विचारायला लागले."

"आणि कुणी आलंच नाही न्यायला?"

"वर्षाच्या शेवटी तीन उरली हुती. दोघांनी कॉलेज सोडलेलं. एकाच्या गावाला मीच गेले. वाटंवरच हुतं."

आमच्या स्टोअरमध्ये त्याच आठवड्यात बेअरिंगची एक पेटी हरवली होती आणि भाच्याने नवी मागवल्यावर शेजारच्या कप्प्यात सापडली होती.

"सर," मी म्हटलं, "हे 'विभागप्रमुख' काढा. हिने आत्ता जे सांगितलं ना, ते जसंच्या तसं लिहा."

सरांनी खिशातलं पेन काढलं, टोपण उघडलं आणि थांबले. एवढ्या वर्षांत मी त्यांना लिहिताना थांबलेलं पाहिलं नव्हतं. "पद नको म्हणता?"

"लोक हसतात हो सर." कुठले लोक, ते मी सांगितलं नाही.

सोनाली हळूच म्हणाली, "सर, पद ऱ्हाऊ द्या ना. आईनं गावात सांगितलंय, पोरगी प्रमुख हाय म्हणून."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मग वर सगळं काम लिहिलं आणि पद खाली, अगदी बारीक अक्षरात, कंसात ठेवलं.

मुलगी बस गाठायला गेली. सर फाटकाशी रेंगाळले. फाटकाची कडी दोनदा लावली, दोनदा काढली.

"ताई, तुमच्यापासून एक लपवलं मी," ते म्हणाले. "तुमच्याकडे स्टोअरची जागा निघाली होती ना, तिथेही हिचा अर्ज होता. तुमचं नाव मी घेतलं नाही. पण ही रडकुंडीला आली होती, तर बोलून गेलो, तिथे टाक, तिथे नीट वाचतात. तेवढी ओळख वापरलीच म्हणायची. चुकलं माझं."

मी काहीतरी बोलणार होते. तोंडही उघडलं होतं.

"तिथूनही बोलावणं नाही आलं, तेव्हा कळलं की ओळच कच्ची असणार," सर म्हणाले. "माझीच ती. पोरीचा काय दोष."

मी मान हलवली. कशासाठी हलवली ते मला आजही नीट सांगता येत नाही, पण सरांनी ती होकाराची धरली.

"पुढच्या वेळी जपून लिहीन," ते म्हणाले, आणि घरात गेले.