घरी करायचं का भायरून आणायचं?

ढमाले अण्णांना कुणी नुसतं "चहा घेऊ या का?" म्हटलं तरी त्यांचे डोळे चमकतात. "घरी करायचा का भायरून आणायचा?" म्हणत ते खिशातून पेन काढतात. आपली तल्लफ निघून जाते, त्यांचं गणित चालूच राहतं.

अण्णा नांदे गावातले आमचे घरमालक आणि पिरंगुटच्या पंप कारखान्यात माझे साहेब. पंपाचा कोणता भाग आपल्या मशीनवर करायचा आणि कोणता बाहेरून घ्यायचा, हे ते ठरवतात. मशीनचे तास मोजके, म्हणून सगळंच घरी होत नाही. तास, भाव, मागणी अशा अटी ते कॉम्प्युटरला घालतात आणि सर्वांत कमी खर्चाची वाटणी बाहेर येते. हेच लिनियर प्रोग्रॅमिंग. कॉलेजात मला न कळलेलं अण्णांनी एक वडापाव संपायच्या आत समजावलं, आणि तेव्हापासून मीही त्या नादाला लागलो. "गणित बोलतंय. आपण गप बसायचं," हे त्यांचं ब्रीद.

लेकीचं, सुजाताचं, लग्न ठरलं आणि अण्णांच्या गणिताला ऊत आला. रुखवत करायचं होतं. सुजाताची आई तीन वर्षांपूर्वी गेली, त्यामुळे हाताशी तिच्या दोन काकू आणि माझी बायको. अण्णांनी तिघींचे रिकामे तास लिहून घेतले, शेगड्या मोजल्या, स्वतःचंही नाव घातलं. माझी बायको तासाला किती चकल्या पाडते, हे मला लग्नानंतर सात वर्षांनी तेव्हा कळलं.

उत्तर आलं. चकल्या घरी, लाडू घरी, करंज्या पौडच्या बचत गटाकडून. अण्णांच्या नावापुढे शून्य, कारण एका करंजीला त्यांना पाऊण तास लागत होता.

"गणित बोलतंय," मी चिडवलं. अण्णा गप बसले. त्या दिवशी जेवलेही नाहीत.

सकाळी स्क्रीनवर नवी अट होती: अण्णांच्या करंज्या, किमान पाच.

"अण्णा, यानं खर्च वाढतोय."

"व्हय. किती वाढतोय त्ये गणितच सांगतंय. कशापायी, त्ये त्याला न्हाई कळायचं. तिची आई असती तर एक करंजी भायरून येऊ दिली नसती."



रुखवतात पौडच्या सुबक करंज्यांशेजारी पाच वाकड्या मांडल्या होत्या. एकीचं सारण बाहेर आलं होतं.

"अण्णा, ह्या कुणी केल्यात?" निघताना सुजाताने विचारलं.

"भायरून आणल्यात."

तिने त्यांच्या अंगठ्यावरचा भाजल्याचा फोड पाहिला. पाचही करंज्या डब्यात भरल्या. बाकीचं रुखवत टेम्पोतून गेलं. तो डबा तिने मांडीवर घेतला आणि गाडीत बसली.