हॉलंडला गेलेला फोटो

लालासाहेबांच्या कराडच्या ऑफिसात तीन कॉम्प्युटर होते आणि त्यांवर हॉलंडच्या एका कंपनीचं काम चालायचं. यंत्रांची जुनी कागदी ड्रॉइंगं कॉम्प्युटरवर नव्याने काढून ई-मेलने पाठवायची. सहा महिने झाले तरी इकडच्यांनी तिकडच्यांचं तोंड पाहिलं नव्हतं. म्हणून तिथल्या मारायकेबाईंनी सुचवलं, की एकमेकांचे फोटो पाठवू या, भिंतीवर लावू या.

तिथे ड्रॉइंगं काढणाऱ्या प्रियदर्शनीला असं नवं काही नको होतं. मुलगी अकरा महिन्यांची, म्हणून तिला चारच तास येण्याची सवलत होती, आणि ती सवलत या कामावर टिकून होती. पुढच्या वर्षाचं काम द्यायचं की नाही, ते याच महिन्यात ठरणार होतं. काम गेलं तर आधी घरी कोण बसणार हे कोणी बोलत नव्हतं, म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं.

फोटोचं लालासाहेबांनी अंगावर घेतलं. ऑफिसातल्या नईमला आणि प्रियदर्शनीला घेऊन ते हुसेनभाईंच्या स्टुडिओत गेले. स्टुडिओचा कोट त्यांनी स्वतः चढवला, कारण मालक ओळखू आला पाहिजे. हुसेनभाईंनी तिघांचे हात गुडघ्यांवर ठेवले, हनुवट्या वर केल्या. नईम जरासा हसला, तर ते कॅमेऱ्यामागून बाहेर आले.

"दात झाका. परदेशात फोटो जाणार हाय, वरातीत न्हाई."

नईमचं तोंड जागेवर येईपर्यंत ते थांबले. मग म्हणाले, श्वास धरा. प्रियदर्शनीने श्वास धरला आणि नेमकं तिच्या मनात आलं, की सासूबाईंना मुलीच्या खोकल्याची बाटली दाखवली, पण किती चमचे ते सांगितलंच नाही. तेवढ्यात उजेड पडला.

फोटो कुरियरने गेला. तिकडचाही आला. त्यात सातजण खदखदा हसत होते. एकाचे पाय टेबलावर, एक बाई सफरचंद खात होती. यातला साहेब कोणता, हे लालासाहेबांनी भिंग घेऊन शोधलं. अर्ध्या चड्डीतला तो साहेब, असं मागे लिहिलेलं वाचल्यावर त्यांनी फोटो कपाटात ठेवून कुलूप लावलं. बँकेचा माणूस आला आणि त्याने बघितलं तर काय म्हणेल, हा त्यांचा प्रश्न होता.

आठवड्याने मारायकेबाईंची ई-मेल आली. फार जपून लिहिलेली. तुम्ही सगळे बरे आहात ना? कोणावर काही दबाव? डावीकडच्या बाईंना रडू येतंय असं इथे सर्वांना वाटलं. त्या किती तास काम करतात? हे कळल्याशिवाय पुढच्या कामाचं ठरवता येणार नाही.

लालासाहेबांनी दोनदा वाचलं. "आवं, म्हंजे मी तुमास्नी छळतो व्हय?"

"तसं नाही लिहिलेलं, सर."

"मग कसं लिवलंय?"

तसंच लिहिलं होतं. लालासाहेबांनी तडकाफडकी उत्तर सांगितलं, की आम्ही सर्व अत्यंत आनंदात आहोत, आणि खाली तिघांची नावं घातली, आधी स्वतःचं. नईम हळूच म्हणाला, की असं तर तुरुंगातनंच लिहितात. पण ई-मेल गेली होती. दुसऱ्या दिवशी उत्तर आलं : बाईंनी स्वतः लिहावं, एकटीने.

लालासाहेब उठले आणि जिन्यात जाऊन बसले. दर पाच मिनिटांनी खाकरत होते, पण आत आले नाहीत.

प्रियदर्शनीने लिहिलं, की आमच्याकडे फोटो वर्षा-दोन वर्षांत एखादा निघतो, म्हणून आम्ही तो मन लावून काढतो. लग्नाच्या फोटोतही मी अशीच आहे, आणि यजमान माझ्याहून गंभीर आहेत, तरी आमचं बरं चाललं आहे. त्या क्षणी मी खोकल्याच्या औषधाचे चमचे मोजत होते. ऑफिसात मी चार तास काम करते. उरलेले वीस तास घरी. त्यांची चौकशी मात्र अजून कोणी केलेली नाही.

पाठवल्यावर तिला शेवटचं वाक्य टोचायला लागलं. आता सासूबाईंचीच चौकशी आली तर? दोन दिवस तिला जेवण गेलं नाही.

शुक्रवारी उत्तर आलं. मारायकेबाईंना दोन मुलं होती, आणि ते वाक्य त्यांनी ऑफिसात सगळ्यांना मोठ्याने वाचून दाखवलं होतं. वर्षाचं काम मंजूर. प्रियदर्शनीची चार तासांची वेळ तीच ठेवावी, असंही लिहिलं होतं. तिने खुर्चीला पाठ टेकली, तेव्हा कळलं की आठवडाभर ती टेकलीच नव्हती. नईमने चहा सांगितला.

पुढच्या आठवड्यात कुरियर आलं. तुमच्या पद्धतीचा मान राखून आम्हीही नवा फोटो काढला आहे, अशी चिठ्ठी होती. सातहीजण ओळीत, हात गुडघ्यांवर, ओठ मिटलेले. साहेब फुल पँटमध्ये, टाय लावून.

"आता कशी कामाची माणसं दिसत्यात," म्हणत लालासाहेबांनी तो समोरच्या भिंतीवर स्वतः ठोकला.

प्रियदर्शनी बराच वेळ बघत राहिली. मधोमध मारायकेबाई, हनुवटी वर, डोळे ताणलेले. अर्ध्या तासाने तिने कीबोर्ड ओढला आणि फार जपून लिहायला घेतलं : मुलं बरी आहेत ना? साहेब काही बोलले का?