आबा खोतांची पिशवीतली ऑम्लेटं

ऑम्लेटला तवा लागतो असं ज्यांना वाटतं, त्यांना आबा खोत अडाणी समजतात. म्हणजे तुम्हाला, मला आणि जवळजवळ अख्ख्या कोल्हापूरला. आबांचं ऑम्लेट पिशवीत होतं आणि उकळत्या पाण्यात शिजतं. त्याला तेल लागत नाही, कालथा लागत नाही, आणि आबांच्या मते अक्कलही लागत नाही, 'म्हणून तर तुमच्यासारख्यांना जमतंय.'

पहिल्यांदा त्यांनी आमची बेल वाजवली तेव्हा मी नुकतीच न्हाऊन डोक्याला पंचा गुंडाळून उभी होते. रविवार सकाळ. दारात आबा. एका हातात चेन लावायच्या जाड पिशव्यांचा गठ्ठा, दुसऱ्या हातात मार्कर.

“नाव लिवा.”

“कशावर?”

“पिशवीवर. एक तुमची, एक सायबांची. आन् अंडी घिऊन खाली पार्किंगात या. कांदा चिरून आना.”

मला वाटलं सोसायटीची निवडणूक लागली.

आबा म्हणजे दिनकर खोत, आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर राहतात. राजारामपुरीतल्या आमच्या इमारतीत तळाला कोचिंग क्लास, त्याच्यावर दातांचा दवाखाना आणि त्याच्याही वर आम्ही संसारी माणसं. आबांनी सगळी नोकरी फौंड्रीत काढली, शेवटी फोरमन होऊन निवृत्त झाले. त्यामुळे त्यांचा आवाज अजून भट्टीवर मात करायच्या पट्टीत लागलेला असतो. ते कुणाच्या कानात काही सांगू लागले की खालच्या क्लासमधली मुलं माना वर करतात.

ही पिशवीची विद्या त्यांनी मोबाईलवरच्या कुठल्याशा परदेशी व्हिडिओतून उचलली. भाषा कळत नव्हती म्हणून आवाज बंद करून बघितला म्हणे. “आवाज कशाला पायजे? हात दिसत्यात की!” विद्या तशी सोपी आहे. ज्याने त्याने आपल्या पिशवीत दोन अंडी फोडायची, हवं ते घालायचं, आतली हवा दाबून काढायची, चेन लावायची आणि पिशवी वरून चोळायची. मग सगळ्यांच्या पिशव्या एकाच मोठ्या पातेल्यात. पातेलं सोसायटीच्या गणपतीतल्या महाप्रसादाचं. ते बाहेर काढायला सेक्रेटरींनी ठराव मागितला, तेव्हा आबांनी त्यांच्या नावाची पिशवी हातात दिली आणि ठराव मंजूर झाला.

“तव्यावर म्हंजे एकेक नग निघतोय,” आबा समजावून सांगतात. “पैला खानारा ढेकर देतोय तरी शेवटचा ताट वाजवतोय. ह्यो काय धंदा झाला? आमच्या फौंड्रीत भट्टीची एक हीट मारली की सगळं साचं एकदम भरलं पायजेत. ब्याच एक, टायम एक!”

आता कोल्हापूरच्या माणसाला 'आवडेल ते घाला' असं कधीही सांगू नये. त्या पहिल्या रविवारी कुणी आदल्या रात्रीचा खिमा घातला, कुणी फरसाण. एका भल्या गृहस्थाने शेजारच्या हॉटेलातून मिसळीचा कट आणून ओतला. त्याची पिशवी फुगली, चेन सुटली आणि पातेल्यात तांबडा रस्सा तयार झाला. “रिजेक्शन!” आबा ओरडले, ते बहुतेक शिवाजी विद्यापीठापर्यंत गेलं असावं.

नावांचा घोळ निराळाच. आमच्याकडे माणसाला पाळण्यातलं नाव असतं ते फक्त रेशनकार्डापुरतं. पातेल्यातून पिशव्या निघाल्या तर तीन पिशव्यांवर 'आबा', दोनवर 'आण्णा' आणि एकीवर नुसतंच 'मी'. पुढच्या वेळी फ्लॅटचा नंबर घालायचं ठरलं, तर पाटलांच्या घरातल्या चौघांनीही इमानदारीने आपापल्या पिशवीवर एकच नंबर घातला.

पण खरी गंमत पुरुषांची. ज्याने त्याने आपली पिशवी आपणच भरायची, हा आबांचा नियम. आमची सोसायटी तशी सुधारलेली. इथले नवरे महिला दिनाला गुलाब आणतात, 'आम्ही घरात मदत करतो' असं चारचौघांत सांगतात. हे सगळे कर्ते पुरुष पिशवी हातात धरून रांगेत उभे राहिले आणि एकेकाने मान वळवून हाक मारली, “अगं, मला तिखट किती लागतं?” माझे यजमान इंजिनियर आहेत. त्यांनी विचारलं, “मला कोथिंबीर आवडते का गं?”

मगदूमकाका जैन, मूळचे जयसिंगपूरचे, अंड्याच्या वाऱ्याला उभे राहत नाहीत. ते लांबून नमस्कार करून निघाले होते. आबांनी त्यांना हाताला धरून आणलं. त्यांच्यासाठी वेगळी शेगडी, वेगळं भांडं आणि पिशवीत कालवलेलं बेसन. “तुमची भट्टी येगळी. पर पंगत एकच. बसायचं सगळ्यांनी.” मगदूमकाकांनी ते बेसनाचं पांढुरकं पोळं गांधीवादी चेहऱ्याने संपवलं, आणि पुढच्या रविवारी सगळ्यांच्या आधी येऊन खुर्ची धरली.

बसायचं सगळ्यांनी, ह्यावर आबांचा भारी कटाक्ष. पिशव्या निघाल्या, ताटात ऑम्लेटं गुंडाळून पडली, की कुणी उठलेलं त्यांना खपत नाही. मी एकदा पाव आणायला उठले तर असे खेकसले की मी होते तिथेच पुन्हा बसले. मला राग आला. नवऱ्याचं ऐकत नाही ती मी ह्यांचं का ऐकावं?

दुसऱ्या दिवशी जिन्यात गाठून मी त्यांना सुनावलंच. “आबा, एवढा उपद्व्याप कशाला? तव्यावर मी सगळ्यांना भराभर करून घालते की.”

“तुमी घालनार,” आबा म्हणाले. “आन् खानार कवा?”

“खाईन की नंतर.”

“ह्येच. ह्येच आमचीबी म्हन्ती.”

मग जिन्याच्या पायरीवर बसून त्यांनी जे सांगितलं ते त्यांच्या मानाने हळू आवाजात सांगितलं. रात्रपाळी सुटली की आबा भट्टीवरच्या माणसांना घरी घेऊन यायचे. शालनकाकी, म्हणजे त्यांची बायको, स्टोव्ह पेटवून तव्यावर एकेक ऑम्लेट काढायच्या. एक निघालं की एकाच्या ताटात. माणसं वाहवा करत खायची आणि आबांची मान ताठ व्हायची. “मी रोज इचारायचो, तू खाल्लंस का? ती म्हनायची, व्हय. मला काय, खरंच वाटायचं. रिटायर झालो, घरात बसाय लागलो, तवा पैल्यांदा बगितलं. समद्यांचं झाल्यावर तव्याला चिकटल्यालं, फाटल्यालं, गार झाल्यालं ती वट्ट्यापाशी उभी राहून खात हुती. जन्मभर त्येच खाल्लं आसंल की वो तिनं.”

मीही त्याच सकाळी पोळीचा करपलेला पापुद्रा उभ्याने चघळून ऑफिसला निघाले होते.

“एकदा तिला समद्यांबरुबर बसवायची हाय,” आबा म्हणाले. “गरम गरम. पर ती बसत न्हाय.”

हे मात्र खरं होतं. पार्किंगमध्ये सगळे बसले की काकींना वर काहीतरी आठवायचं. चहा टाकायचाय. चटणी राहिली. दही विरजलंय का बघते. आबांनी एकेक वाट बुजवायला घेतली. चहा आधीच करून थर्मासात भरला. चटणीची बरणी खाली आली, पाठोपाठ दही आलं. पुढच्या रविवारी काकींना गॅस बंद केलाय का ह्याची शंका आली, तर त्याच्या पुढच्या रविवारी आबांनी सिलिंडरचा रेग्युलेटरच काढून खिशात घालून आणला. आम्ही हसत होतो. कुणी म्हणालं, म्हातारपणी हुकूम सोडायला आता बायकोच उरली. मला ठाऊक होतं, तरी मी काही बोलले नाही, कारण जिन्यात ऐकलेली गोष्ट पार्किंगमध्ये सांगायची नसते.

गेल्या रविवारी दार बंद झालं की नाही ते बघायला काकी उठल्या. आबांनी किल्ली दाखवली. काकी इकडेतिकडे बघत राहिल्या. करायला काही उरलंच नव्हतं. पाटीलवहिनींनी खुर्ची पुढे सरकवली आणि काकी पदर सावरत बसल्या, दुसऱ्याच्या घरी बसतात तशा, कडेला टेकून.

आबांनी स्वतः त्यांची पिशवी उघडली. पिवळंजर्द ऑम्लेट ताटात घरंगळलं, कुठे फाटलं नव्हतं, कुठे चिकटलं नव्हतं. वाफ निघत होती. सगळे खायला लागले. काकींनी हात लावला आणि मागे घेतला.

“खा की,” आबा म्हणाले.

“निवू द्या जरा.”

“अगं, गरम हाय तवर खा! त्यासाटनंच तर समदं चाललंय!”

“मला गरम जमत न्हाय वो,” काकी ओशाळून म्हणाल्या. “जीभ भाजती. सवयच न्हाय ऱ्हायली.”

मला वाटलं, आता आबा ओरडणार. त्यांनी तोंड उघडलंही. पण मग हातातला घास ताटात ठेवला, ताट थोडं पुढे सारलं आणि दोन्ही हात मांडीवर घेऊन बसले.

“तुमी का थांबलाय? खावा की,” काकी म्हणाल्या.

“मलाबी निवल्यावरच चालंल,” आबा म्हणाले, इतक्या हळू की शेजारच्या मगदूमकाकांनी 'काय म्हणाले?' असं मला विचारलं.

आमची सगळ्यांची ऑम्लेटं संपली. ती दोघं तशीच शेजारी शेजारी बसून होती, ताटांतली वाफ विरळ होताना बघत. मध्येच काकींनी आबांच्या ताटातल्या ऑम्लेटला बोट लावून पाहिलं आणि मान हलवली, अजून नाही. आबा थांबले. आणखी थोड्या वेळाने काकी म्हणाल्या, “हां, आता खावा.” मग दोघांनी बरोबर पहिला घास घेतला.

आमचे हात केव्हाच वाळून गेले होते, पण धुवायला कुणी उठलं नाही.