सातवी सुरक्षा

एका जंगलात डांबरी रस्ता झाला. मागितला कुणीच नव्हता, पण झाला. आणि रस्ता झाला की पाठोपाठ मोटरसायकलींचं शोरूम येतंच, तसं तेही आलं.

त्या जंगलात सावळाराम नावाचं एक भेकर राहायचं. भेकर म्हणजे लहानसं हरीण, मुलांनो. बऱ्याच जणांचं जेवण, त्यामुळे सगळ्यांशी अदबीनं वागणारं. सावळाराम रोज दुपारी पाणवठ्यावर जायचा. वाटेत उंबराचं वळण होतं आणि उंबराखाली आबासाहेब बसायचे. आबासाहेब म्हणजे बिबट्या. मागच्याच आठवड्यात सावळारामच्या शेपटीचा झुपका त्या वळणावर राहिला होता. पुढच्या खेपेला काय राहील, या विचाराने त्याला पाला गोड लागेना.

शेवटी त्याने ठरवलं, मोटरसायकल घ्यायची. साधी नाही. पोट टाकीला टेकवून चालवायची, ती शर्यतीची.

शोरूममध्ये अशा दोनच होत्या. त्या विकायला टाय लावलेलं एक मुंगूस होतं.

लाल गाडी रागीट होती. तिच्या आवाजाने शेजारच्या झाडाची जांभळं पडायची. तिला एबीएस होतं, म्हणजे जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम व्हायचं नाही. बाकी सगळं चालवणाऱ्याच्या नशिबावर सोडलेलं होतं.

निळीत मात्र सहा प्रकारची इलेक्ट्रॉनिक सुरक्षा होती. वळणावर आडवी झाली तरी ब्रेक नीट धरायची. ओल्या पाल्यावर चाक घसरू द्यायची नाही. पुढचं चाक हवेत उचलू द्यायची नाही. पावसाचा मोड वेगळा. पाचवी सुरक्षा काय ते मुंगसालाही सांगता आलं नाही, पण ती होती. आणि सहावी म्हणजे हेडलाइटखालचा काळा डोळा. समोर कुणी आलं की गाडी आपली आपण थांबायची.

सावळारामला दोन्ही आवडल्या. तीन आठवडे तो रोज येऊन एकदा हिच्यावर, एकदा तिच्यावर बसून जायचा. त्याने कासवालाही विचारलं. गाड्यांवर जाणकारीने बोलायचं काम त्या जंगलात कासवाकडे होतं. कासव म्हणालं की दोन्हींचा वेग त्याला थोडा कमी वाटला.

मग एक दिवस शोरूममध्ये आबासाहेब दिसले. सोफ्यावर बसून चहा घेत होते. घाबरू नका, मुलांनो. शोरूममध्ये एसी होता, आणि एसी असलेल्या जागेत कुणी कुणाला उघडपणे खात नाही.

“लाल बघतोयस?” आबासाहेबांनी विचारलं.

सावळाराम दाराकडे सरकत म्हणाला की अजून काही ठरत नाही.

“माझं ऐकशील तर निळी घे. पाठलागात माझी हयात गेली. घसरतो तो सापडतो, एवढंच त्यातलं शास्त्र. आणि ती लाल काय, समोर कुणी उभं राहिलं तर थेट अंगावरच जायची. कुणाला काही झालं म्हणजे?”

त्यांच्या आवाजात काळजी होती. ती अगदी खरी होती, फक्त कुणाची ते सावळारामने विचारलं नाही.

आबासाहेबांनी मुंगसाला त्या डोळ्याचं प्रात्यक्षिक करायला लावलं. मागच्या अंगणात मुंगूस स्वतः निळीच्या पुढ्यात उभं राहिलं, डोळे मिटून. सावळारामला घेऊन गाडी सुसाट आली आणि वीतभर अंतरावर आपली आपण थांबली. आबासाहेबांनी ते तीनदा करून घेतलं. तिसऱ्यांदा ते अंतर पंजाने मोजूनही पाहिलं.

“कुणीही उभं राहिलं तरी थांबेल?”

“कुणीही, साहेब.”

त्याच दिवशी सावळारामने निळी घरी आणली. घरी होती यमूमावशी. तिने त्याला लहानाचा मोठा केलेला, त्यामुळे त्याचं तिच्यापुढे काही चालायचं नाही. तिने टाकीवर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, चाकांखाली लिंबं ठेवून गाडी वरून न्यायला लावली आणि मग काळ्या दोऱ्यात लिंबू, सात मिरच्या ओवून आली.

सावळाराम म्हणाला, “मावशी, या गाडीत सहा प्रकारची सुरक्षा आहे.”

“असू दे. मी सातवी बांधते.”

गाडीला पुढून फेरी मारताना तिला तो काळा डोळा दिसला. मेली बघते कशी टक लावून, असं पुटपुटत तिने लिंबू-मिरची बरोबर त्याच्यावर बांधली. चांगली करकचून, सात गाठी मारून. गाडीवर लगेच एक पिवळा दिवा लागला. सावळारामने मुंगसाला फोन केला. ते म्हणालं, नव्या गाड्यांत जितके दिवे जास्त तितकं चांगलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी आबासाहेब उंबराखाली लपले नाहीत. आता लपायचं काय कारण? त्यांनी मेहुण्यालाही जेवायला बोलावलं होतं. गाडीचा आवाज येताच ते रस्त्याच्या मधोमध उभे राहिले आणि ट्रॅफिक हवालदारासारखा पंजा वर केला.

सावळारामला ते दिसले आणि त्याचे चारही पाय गोठले. ब्रेक कुठे असतो तेच त्याला आठवेना. गाडीने मात्र आपलं काम चोख केलं. वळणावर डळमळली नाही. ओल्या पाल्यावर घसरली नाही. पुढचं चाक जमिनीवरून उचललं नाही. पाचवी सुरक्षाही बहुधा काहीतरी करतच होती. फक्त आबासाहेब तिला दिसले नाहीत. तिला समोर एक लिंबू दिसत होतं, आणि ते तिच्या बरोबरीनेच चाललं होतं.

मेहुण्याने सांगितलं, आबासाहेब उडाले तेव्हाही पंजा वरच होता.

ते घाणेरीच्या झुडपात पडले. जीव वाचला, पण पुढचे चार दात गेले. सावळाराम थेट पाणवठ्यात जाऊन थांबला. पोटभर पाणी प्यायला तो, कितीतरी दिवसांनी. घरी मावशीने गाडीपुढचं चेंदामेंदा झालेलं लिंबू पाहिलं आणि म्हणाली, “बघ. सगळं याने झेललं.”

आबासाहेब लंगडत शोरूममध्ये गेले आणि गाडीत दोष आहे म्हणाले. मुंगसाने अदबीने विचारलं, “गाडी आपल्या नावावर आहे का, साहेब?”

महिन्याभरात निळीचं नवीन मॉडेल आलं. त्यात लिंबू-मिरची कंपनीतूनच बसवून मिळते, पण फक्त वरच्या मॉडेलला. कासवाने तिला पाचपैकी पाच तारे दिले.

आबासाहेब आता उंबराखाली बसत नाहीत. ते शोरूमच्या दारात बसतात आणि येणाऱ्या प्रत्येक हरणाला, उरलेल्या दातांनी, फार तळमळीने समजावतात की बाबांनो, गाडी जरूर घ्या, निळीच घ्या, पण ते लिंबू तेवढं काढून टाका. ती अंधश्रद्धा आहे.

तात्पर्य: सुरक्षेची साधनं नेहमी दोन घ्यावीत. एक महागडं, आणि दुसरं त्याच्या डोळ्यावर बांधायला.