गाऊनची पुढची बाजू

“मावशी, तुला माझी शपथ आहे. आज कशालाही हात लावायचा नाही,” भाचीने कलादालनाच्या पायऱ्यांवरच बजावलं. “नुसतं बघायचं. हात मागे.”

“मी काय लहान आहे का?” मावशी म्हणाली आणि शाळेतल्या मुलीसारखे हात मागे बांधून आत शिरली.

मावशी गेली एकतीस वर्षं आपल्या छोट्या गावात लेडीज टेलरिंगचं दुकान चालवत होती. एवढ्या वर्षांत तिच्या हातून कुठल्याही कपड्याचं माप चुकलं नव्हतं. निदान तिचं म्हणणं तसं होतं, आणि तिच्यासमोर दुसरं कुणाचं काही म्हणणं नसे. तिचे यजमान, म्हणजे भाचीचे काका, पाणीपुरवठा खात्यातून निवृत्त झाले होते. गावाला पाणी कधी सोडायचं आणि कधी बंद करायचं याची वेळापत्रकं आखण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती. आता पाणी दुसरं कुणी सोडत असल्यामुळे ते मावशीचंच वेळापत्रक आखत. शहराच्या या सहलीचा कागद त्यांच्या खिशात होता. दहा ते बारा कलादालन, मग जेवण, एक ते तीन संग्रहालय, चार वाजता नाटक.

वसंत ऋतू ऐन भरात होता. रस्त्याकडेच्या झाडांना कोवळी पानं फुटली होती, बाकांवर माणसं तोंड वर करून ऊन खात बसली होती, आणि अशा दिवशी कुणाचं काही वाईट होईल असं वाटतच नव्हतं. भाचीला मात्र वाटत होतं. जुन्या कपड्यांच्या संग्रहालयात ती सहा महिन्यांपूर्वी कामाला लागली होती. तिची उमेदवारीची मुदत आज संपत होती. तिला कायम करण्याचं पत्र टाइप होऊन संचालकांच्या टेबलावर पडलं होतं, आणि आज कचेरी बंद होण्याआधी त्यावर सही झाली नाही तर उद्यापासून तिला घरी बसावं लागणार होतं.

कलादालनात मावशी शब्दाला जागली. तिने कशालाही हात लावला नाही. फक्त एका राणीच्या चित्रासमोर दहा मिनिटं उभं राहून “हिची डावी बाही दोन बोटं आखूड आहे” असं सांगितलं, आणि पांढऱ्या कॅनव्हासवर एकच लाल ठिपका असलेल्या चित्रासमोर “कापड चांगलं आहे” असं म्हणून ती पुढे गेली. काकांनी कागदावर खूण केली. सगळं वेळेवर चाललं होतं.

जेवून तिघं संग्रहालयात आली. “मी तळघरात माझ्या टेबलावर आहे. तुम्ही निवांत बघा,” असं सांगून भाची खाली गेली. तिथून पुढे सगळं बिघडलं.

पहिल्या मजल्यावर मधल्या भिंतीला पाठ करून, शंभर वर्षांपूर्वीच्या एका नटीचा निळा रेशमी गाऊन पुतळ्याला चढवून ठेवला होता. भोवती दोरी होती. समोर पंधरावीस माणसं होती आणि एक गाईडबाई त्यांना माहिती देत होत्या.

“हा आमचा सर्वात महत्त्वाचा पोशाख. त्या काळी बायकांच्या गाऊनला बटणं पाठीवर असायची, म्हणजे दुसऱ्या कुणाच्या मदतीशिवाय कपडे घालता येत नसत. या नटीने ती पुढे घेतली! आणि बाजूने बघा, पाठीवर हा मुद्दाम सोडलेला फुगीर भाग. समाजाने स्त्रीच्या पाठीवर लादलेलं ओझंच तिने कपड्यात शिवून घेतलं. आमच्या संचालकांनी यावर नऊ पानी पुस्तिका लिहिली आहे.”

माणसांनी माना डोलावल्या. एका चष्मेवाल्या आजींनी तर ओझ्याबद्दल वहीत लिहून घेतलं.

मावशीने एकदा गाऊनकडे बघितलं, मग बाजूने बघितलं, मग खाली वाकून बघितलं. काकांना हे लक्षण चांगलंच माहीत होतं. “अगं, चल पुढे. टोप्यांचं दालन राहिलंय,” ते म्हणाले.

“अहो, हा उलटा घातलाय.”

“असू दे. आपल्याला कुठे घालायचाय?”

“उलटा म्हणजे पुढची बाजू मागे!” आता मावशीचा आवाज दुकानातला झाला. “बाई, ते ओझं-बिझं काही नाही. ते टक्स आहेत, छातीला जागा द्यायला घातलेल्या चुण्या. पाठीला काय करायचेत?”

गाईडबाई हसून म्हणाल्या, “संचालकांचा यावर सखोल अभ्यास आहे.”

“त्यांनी कधी ब्लाउज शिवलाय का?”

गर्दी जवळ सरकली. मावशीने काकांना पुढे ओढलं. त्यांच्या अंगावर तिनेच शिवलेलं जाकीट होतं. “मुंढा बघा. बाही जोडतात ना, ती गोलाई. पुढून खोल कापतात, मागून कमी. हात पुढे करायला जागा लागते म्हणून. आता अहो, जाकीट उलटं घाला.”

“इथे?”

“घाला म्हणते ना!”

काकांनी जाकीट काढून उलटं घातलं. मावशीने मागून बटणं लावली. “आता हात पुढे करा.” काकांनी हात पुढे केले. पाठीवर कापडाचा मोठा फुगा आला, गळा हनुवटीखाली रुतला आणि काकांचा चेहरा लाल झाला.

“हेच ते ओझं!” चष्मेवाल्या आजी ओरडल्या. हशा पिकला. मागून कुणीतरी टाळ्या वाजवल्या. दारातला रखवालदार, ज्याला दिवसभर बसून राहण्याखेरीज काही काम नसे, तोही खुर्ची सोडून मजा बघायला आला. गाईडबाई रडवेल्या होऊन संचालकांना बोलवायला धावल्या.

संचालक आले. उंच, नीटनेटके, गळ्याला रेशमी रुमाल. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि कपाळावरचा घाम पुसला. “बाई, हे असं जाहीरपणे... गाऊन काही फिरवता येत नाही. फार नाजूक आहे.”

“फिरवा! फिरवा!” गर्दी म्हणाली.

“हा पुतळ्याला चढवला कुणी?” मावशीने दोन्ही हात कमरेवर ठेवून विचारलं. “त्याला इथे बोलवा. मी समजावून सांगते.”

“बरोबर आहे,” संचालक घाईघाईने म्हणाले. जबाबदारी दुसऱ्याकडे जातेय हे बघून त्यांचा चेहरा जरा उजळला. “ज्याने चढवला त्याला विचारलंच पाहिजे. बोलवा त्या मुलीला.”

आणि तळघराच्या जिन्यातून भाची वर आली.

मावशीचे कमरेवरचे हात आपोआप खाली आले. भाचीचा चेहरा कागदासारखा पांढरा पडला होता. ती गाऊनजवळ जाण्याच्या निमित्ताने मावशीच्या बाजूला आली आणि कानात पुटपुटली, “मीच फिरवलाय. मुद्दाम. पुढच्या बाजूला ताटलीएवढा डाग आहे. प्रदर्शनाच्या उद्घाटनाला दोनच तास उरले होते. तूच शिकवलं होतंस ना, डाग पडला की फ्रॉक फिरवून घालायचा म्हणून? नंतर सरांनी पुस्तिका लिहिली आणि मला तोंड उघडताच येईना.”

मावशीला ते आठवलं. शाळेच्या संमेलनात तिनेच भाचीचा फ्रॉक असा फिरवला होता. आता गाऊन फिरवला तर डाग दिसणार, डाग दिसला तर पोरीची नोकरी जाणार, आणि फिरवायला लावणारी तीच.

मावशीने एक लांब श्वास घेतला. एकतीस वर्षांत जे वाक्य तिच्या दुकानात ऐकू आलं नव्हतं ते ती भर दालनात वीस माणसांसमोर बोलली.

“माझं चुकलं.”

काका उलट्या जाकिटातच दचकले. “काय?”

“चुकलं म्हटलं. गाऊन बरोबर आहे.”

पण गर्दी ऐकेना. तिने मघाशी समजावलंच इतकं छान होतं. “असं कसं?” चष्मेवाल्या आजी वही उघडून म्हणाल्या. “मुंढा पुढून खोल. मी लिहून घेतलंय.”

“ते तुमच्याआमच्या कपड्यांना, आजी. ही नटी. तिला टाळ्या घेताना हात असे मागे पसरावे लागत. म्हणून तिचा मुंढा मागून खोल.” मावशीच्या जिवाला प्रत्येक शब्दागणिक सुई टोचत होती.

“आणि पाठीवरचे टक्स?”

“ती गायची. गाणाऱ्यांचा श्वास पाठीत भरतो. तिथे जागा नको?”

“अगं, पण यांचं जाकीट—” आजींनी काकांकडे बोट दाखवलं.

“यांना गाता येत नाही,” मावशीने तो प्रश्न तिथेच मिटवला.

आजींनी तेही लिहून घेतलं. गर्दीची थोडी निराशा झाली, पण एवढा अभ्यास ऐकल्यावर बोलायला काही उरलं नाही. गाईडबाईंनी विजयी मुद्रेने सगळ्यांना टोप्यांच्या दालनात नेलं. मागे राहिले संचालक, रखवालदार, काका, मावशी आणि भाची. संचालकांनी रुमालाने मान पुसली आणि ते हसले. एवढ्यावर सगळं निभावलं असतं. पण भाचीला ते सहन झालं नाही.

“सर, मावशी खोटं बोलली. माझ्यासाठी,” ती म्हणाली आणि डोळे पुसत तिने सगळं सांगून टाकलं. मावशी तिला मागून चिमटे काढत होती, तरी.

संचालकांचा चेहरा बदलला. “डाग होता तर कळवायला हवा होता. वस्तूचं नुकसान लपवणं म्हणजे फार गंभीर गोष्ट आहे. तो डाग जुनाच असणार, त्या काळचाच, पण नियम तो नियम. मला वाटतं, तुमच्या पत्राचा मला पुन्हा विचार करावा लागेल.”

भाचीने मान खाली घातली. तिला रडूही येईना. मावशीने मात्र ‘त्या काळचाच’ हे शब्द धरून ठेवले. न बघता यांना काय माहीत?

“बघू तरी,” ती म्हणाली आणि दोरी ओलांडून भिंतीच्या बाजूला गेली.

“हात लावू नका!” संचालक ओरडले.

पण तोवर मावशीने बोटं लावली होती. डाग तिने चिमटीत धरला, चोळला, वास घेतला. तिच्या दुकानात लोक डागांसकट कपडे आणून “हा आधीपासूनच होता” असं सांगत, आणि तिने एकाचंही कधी खरं मानलं नव्हतं.

“चहा,” ती म्हणाली. “दुधाचा. आणि शंभर वर्षांचा तर नाहीच. डागाने रेशीम अजून खाल्लं नाही. फार तर या थंडीतला. पोरी, तू गाऊन खोक्यातून काढलास तेव्हा डाग होता?”

“होता. वाळलेला.”

“मग हा कडक का झालाय सांगू? साखरेने. नुसत्या चहाने कापड असं ताठ होत नाही. कुणीतरी फार गोड चहा पितंय तुमच्याकडे.”

“साहेब पितात की,” रखवालदार मोकळेपणाने म्हणाला. “तीन चमचे. थंडीत यादी करायला बसले होते ना खाली, तेव्हा मीच नेऊन द्यायचो.”

शेजारच्या दालनातून टोप्यांचा इतिहास स्पष्ट ऐकू येऊ लागला.

संचालक हळूच पुतळ्याच्या चौथऱ्यावर टेकले. मोठ्या साहेबाचा एकदम साधा माणूस झाला. “कप हातात घेऊन खोका उघडला,” ते म्हणाले. “तीन महिने मला धड झोप नाही, बाई. उद्घाटनाच्या दिवशी बघतो तर डाग भिंतीकडे! मला वाटलं देवच पावला. पुन्हा कुणी फिरवू नये म्हणून मी ती नऊ पानं लिहिली.”

“चांगली लिहिलीत,” मावशी म्हणाली. तिला त्यांची खरोखर दया आली होती. “पोरीचं पत्र कुठे आहे?”

पत्र वरच्या टेबलावर होतं. दहा मिनिटांत त्यावर सही झाली. पेन ठेवताना संचालकांनी एकच विनंती केली, की गाऊन आहे तसाच राहू द्यावा. भाचीने मावशीकडे बघितलं. मावशीने खिडकीबाहेरच्या कोवळ्या पानांकडे बघितलं आणि होकारार्थी मान हलवली.

नाटकाला ते तिघं धावतपळत पोचले. काकांचं जाकीट अजून उलटंच होतं, कारण बटणं मागे होती आणि ती काढायला कुणाला सुचलं नव्हतं. कागदावर नाटकासमोर खूण करताना त्यांचा हात जाकिटामुळे अर्ध्यातच अडला. भाची सारखी पर्स उघडून पत्र जागेवर आहे का बघत होती. मावशीला मात्र नाटकात काय चाललंय ते कळत नव्हतं. तिच्या डोळ्यांसमोर तो निळा गाऊन होता. त्याची पाठ जगाकडे होती, छाती भिंतीकडे होती, आणि त्यावर तिची स्वतःची संमती होती.

मध्यंतरात नाट्यगृहाच्या व्हरांड्यात कुणीतरी हाक मारली. त्या चष्मेवाल्या आजी! सोबत चार मैत्रिणी होत्या.

“याच त्या!” आजी मैत्रिणींना सांगत होत्या. “मोठ्या वस्त्रतज्ज्ञ आहेत. आधी यांचा विश्वास नव्हता, मग बारकाईने अभ्यास केला आणि स्वतःच मान्य केलं की गाऊन बरोबर आहे. गाईडबाई आता प्रत्येक गटाला यांचा दाखला देतायत.”

मैत्रिणींनी मावशीकडे आदराने बघितलं. त्यातली एक पुढे झाली. “पण ताई, पुढची बाजू कुठली हे तुम्ही नक्की ओळखलं कशावरून?”

भाचीने पर्स घट्ट धरली. काकांनी श्वास रोखला, जाकिटामुळे तसाही तो नीट घेता येत नव्हता.

“मुंढ्यावरून,” मावशी म्हणाली, आणि हात मागे बांधून आत निघून गेली.