बारा बाय तीन बाय दोनचा हौद

माझी बायको सत्यभामा गेल्याचं कळलं तेव्हा मी गेवराईच्या स्टँडवर भजी खात होतो. ती दूध संस्थेच्या कामासाठी बीडला गेली होती. इंजिनिअरच्या ऑफिसातून बाहेर पडली आणि रिक्षात बसतानाच कोसळली. दवाखान्यातून फोन आला. बीडला उतरलो तेव्हा भज्यांचा कागद अजून माझ्या हातातच होता. दवाखान्यात तिची पिशवी मिळाली. आत चष्मा, बसचं तिकीट आणि एक पेनड्राइव्ह.

पेनड्राइव्हमध्ये हौदाचं ड्रॉइंग होतं.

ती आमच्या गावच्या महिला दूध संस्थेची अध्यक्ष होती. दुष्काळ पडला म्हणून संस्थेनं जनावरांची छावणी उघडली होती. दोन दिवसांआड टँकर यायचा, पिंपं भरून द्यायचा आणि बायका बादल्या उचलून एकेका म्हशीच्या तोंडाशी धरायच्या. सत्तर म्हशी! बायकांच्या कमरा गेल्या. सत्यभामेनं लोखंडी हौद करायचं मनावर घेतलं. बंद पडलेल्या साखर कारखान्यातून जुन्या टाकीचे पत्रे मिळवले, इंजिनिअरकडून ड्रॉइंग काढून घेतलं. उरला होता फक्त हौद.

तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी मी छावणीत गेलो आणि जाहीर केलं, "आठ दिवसांत हौद देतो! ड्रॉइंगची फाइल उघडून मशीनला देणं म्हणजे माझ्या डाव्या हातचा मळ! तीस वर्षं कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो!"

विमलबाई संस्थेच्या उपाध्यक्ष. सत्यभामेची जिवाभावाची मैत्रीण, म्हणून मला दाजी म्हणतात. त्या म्हणाल्या, "दाजी, घाई न्हाई. आदी नीट जेवत जा."

मी जेवलो नाही. लॅपटॉप उघडला.

फाइल डीएक्सएफ होती. डीएक्सएफ म्हणजे एका सॉफ्टवेअरनं दुसऱ्याला धाडलेली चिठ्ठी. इंजिनिअरचं सॉफ्टवेअर वेगळं, माझं वेगळं, म्हणून चिठ्ठी. माझ्या सॉफ्टवेअरनं ती वाचली आणि विचारलं, आकडे कशात धरू? यादीत मिलिमीटर, इंच, फूट, मीटर, सगळं होतं. मला हसूच आलं. आयुष्यभर कारखान्याच्या आवाराचे नकाशे काढले ते मीटरमध्ये. मलाच विचारतंय! दाबलं मीटर. पडद्यावर हौद आला. लांबी १२, रुंदी ३, उंची २. सत्यभामेच्या वहीतही हेच आकडे होते. अजून काय पाहिजे?

फाइल बिभीषणला दिली. बिभीषण आमच्याच कारखान्यातला वेल्डर. कारखाना बंद झाल्यावर त्यानं बीड रोडला दुकान टाकलं, पत्रा कापायचं कॉम्प्युटरवालं मशीन घेतलं. दोन दिवसांनी त्याचा फोन आला.

"सायब, पत्रा लई लागतुय."

"लागू दे. म्हशी सत्तर आहेत."

"तसं न्हाई सायब, उंची बी जरा..."

"बिभीषण! वर्कशॉपमध्ये मी काय शिकवलं होतं?"

"ड्रॉइंगवर हाय ते करायचं. डोकं लावायचं न्हाई."

"मग?"

"करतो सायब."

वीस वर्षं घोकून घेतलेला धडा! पोरगा पक्का तयार झाला होता.

इकडे गावातली माणसं माझ्याशी फार प्रेमानं वागू लागली. भगवानराव सरपंच पारावरून उठून आले आणि माझा हात धरला. "मोहनराव, मन लई मोठं हाय तुमचं. बायकोसाठी एवढं कोन करतंय?"

"अहो कसलं एवढं! साधा हौद आहे."

"बघा बघा, किती साधेपना!" भगवानरावांनी डोळे पुसले.

मला वाटलं, हौदाचं इतकं कौतुक म्हणजे गाव सुधारलं! खरं कारण नंतर कळलं. बिभीषणच्या दुकानातले पत्रे येणाऱ्याजाणाऱ्यांनी पाहिले होते आणि मी सत्यभामेच्या नावानं काहीतरी भव्य उभारतोय अशी गावाची खात्री झाली होती. कोणी समाधी म्हणत होतं, कोणी सभामंडप.

आठव्या दिवशी तीन ट्रॉल्या छावणीत शिरल्या. बिभीषणनं पत्रे उभे केले, वेल्डिंगचे टाके मारत सुटला. दुपारपर्यंत जे उभं राहिलं ते पाहून कुत्रीसुद्धा भुंकायची थांबली. चाळीस फूट लांब, दहा फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच! बाजूला विमलबाईंची म्हैस उभी होती. तिनं मान वर केली, आणखी वर केली आणि खाली बसली.

"दाजी," विमलबाई हळूच म्हणाल्या, "म्हशीला शिडी बी आनलीय का?"

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. टँकरवाला खाली उतरला, भिंतीला एक चक्कर मारून आला. "यात माझे सात टँकर बसतील. एक वतला तर फूटभर बी पानी चढायचं न्हाई. ते पानी कोन पिनार, बेडकं?"

मी बिभीषणवर ओरडलो, "हे काय केलंस बे?"

"ड्रॉइंगवर व्हतं ते."

मी तावातावानं लॅपटॉप उघडला. "हे बघा सगळ्यांनी! लांबी बारा! रुंदी तीन! उंची दोन! एक आकडा चुकला असेल तर दाखवा!"

विमलबाई पडद्याजवळ आल्या. "बारा काय, दाजी?"

"बारा म्हणजे बारा!"

"बारा काय? सत्यभामाबाई तर फूट म्हनल्या व्हत्या."

मी लॅपटॉप मिटला.

हा प्रश्न सत्यभामेनं घरातच विचारला असता, आणि मी चिडून का होईना, पण उत्तर शोधलं असतं. आता विचारायला घरात कोणी नाही, हे मला त्या पत्र्यापुढं उभं राहून कळलं. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही, तिथं कळलं. त्या दिवशी बायकांनी पुन्हा बादल्याच उचलल्या. मीही उचलल्या. चौदा म्हशींना पाणी पाजलं आणि रात्री पाठीला तेल लावून पडलो.

दुसऱ्या दिवशी विमलबाईंनी कारभार हातात घेतला. म्हैस पत्र्याला चिकटून उभी केली, तिच्या छातीच्या उंचीला पत्र्यावर खडूची खूण केली आणि म्हणाल्या, "बिभीषण, हितं काप."

बिभीषणनं सवयीनं माझ्याकडे पाहिलं. "सायब, ड्रॉइंग?"

"बाई सांगतील तसं," मी म्हणालो.

त्या एका धुडातून आतापर्यंत तीन हौद निघालेत. म्हशी पाणी पितात, बायका सावलीला बसून माझ्यावर हसतात. उरलेले पत्रे माझ्या अंगणात पडलेत. परवा भिवराबाई आल्या. त्यांच्याकडे म्हशी नाहीत, शेळ्या आहेत, आणि शेळ्यांचं तोंड हौदाला पुरत नाही. मी लगेच म्हणालो, "ठेंगणा हौद करू. ड्रॉइंग काढतो!"

"ड्रॉइंग नगं," विमलबाई मागून ओरडल्या, "भिवरा, तू नुसती शेळी घिऊन ये!"

शेळ्यांचा हौद अजून व्हायचा आहे.