निरीक्षणाखालील डावा हात

आमच्या चिंचणवाडीत गर्भाशयाच्या मुखाच्या कर्करोगाची लस घेतलेल्या मुलीला लस टोचलेला हात दोन महिने सदाचार समितीच्या कार्यालयात जमा करावा लागतो. लस घेतली की मुली मोकाट सुटतात, अशी समितीला शंका आहे, आणि तपासल्याशिवाय बोलायचं नाही इतकी समिती काटेकोर आहे. मी तिचा लिपिक. माझ्या कल्याणीलाही अठरावं लागलं होतं, पण म्हटलं, आधी दुसऱ्याच्या मुलीचं काय होतं ते पाहू.

पहिली आली मोनाली गुंजाळ. वय एकोणीस, पॉलिटेक्निकचं दुसरं वर्ष. ती डावखुरी. आधी तिने नोंदवहीत सही केली, मग हात खांद्यापासून सोडवून टेबलावर ठेवला. मी आवक क्रमांक टाकून पोच दिली.

"काका, बारा तारखेला दुसरा डोस आहे. हात परत आल्याशिवाय सिस्टर देणार नाहीत."

"अहवाल चांगला आला तर मिळेल."

"आई याच दुखण्याने गेली माझी. बारा म्हणजे बारा."

मला ठाऊक होतं. तिच्या आईच्या दहाव्याला मी गेलो होतो. पण नमुन्यात त्यासाठी रकाना नव्हता.

रोज अकराला पाचही सभासद हाताभोवती खुर्च्या टाकून बसत. पहिला आठवडा हात पडून राहिला. दुसऱ्या आठवड्यात त्याने बोटांनी टेबलावर ताल धरला. "कुणाला तरी खुणावतोय," सभासदांपैकी साहेबराव म्हणाले. खिडकी बंद करण्याचा ठराव झाला.

मग परीक्षा सुरू झाल्या. सिनेमातल्या हीरोचा फोटो समोर ठेवला, तर हाताने पट्टी घेऊन त्याच्या नाकाची लांबी मिलिमीटरमध्ये लिहिली. 'संध्याकाळी तळ्यावर ये' अशी निनावी चिठ्ठी ठेवली, तर त्याने ती घडी घालून साहेबरावांच्या खिशात परत ठेवली. अक्षर बदलण्यात साहेबरावांचा सबंध रविवार गेला होता.

लोखंडे सिस्टरना साक्षीला बोलावलं. अध्यक्ष भाऊसाहेब टकल्यांनी विचारलं, "हा विषाणू बाईला येतो कुठून?"

"बऱ्याचदा नवऱ्याकडून, भाऊसाहेब."

"मग लस बाईलाच कशाला?"

"मुलग्यांनाही देता येते की. आणा तुमच्या नातवाला. त्याचाही हात ठेवू इथं."

मी इतिवृत्तात लिहिलं: प्रश्न गैरलागू.

अकरा तारखेला अहवाल तयार झाला. हात निर्दोष.

"इतका निर्दोष कसा?" भाऊसाहेब म्हणाले. "काहीतरी लपवतोय. दोन महिने मुदत वाढवा. मालकिणीची हरकत असेल तर तिनं लेखी द्यावी आणि हात न्यावा. सही आवक नोंदीशी जुळली पाहिजे."

हात न्यायला आलेल्या मोनालीने हरकत लिहून उजव्या हाताने सही केली. वेडीवाकडी आली.

"जुळत नाही," भाऊसाहेब म्हणाले. त्यांना बरं वाटलेलं दिसलं. मोनालीच्या डोळ्यांत पाणी आलं. मला माझीच लाज वाटली.

तेवढ्यात टेबलावरचा हात सरकत आला, त्याने माझ्या खिशातलं पेन काढलं आणि हरकतीखाली सही केली. मी ती आवक नोंदीशी ताडून पाहिली. तंतोतंत जुळली.

"हे नियमात बसतं काय?" साहेबराव म्हणाले.

"सही करताना हात कुठं असावा, हे नियमात नाही," मी म्हणालो आणि शिक्का मारला. नोकरीत पहिल्यांदाच मी न विचारता शिक्का मारला.

मोनालीने हात लावून घेतला, दोनदा मूठ वळून पाहिली आणि गेली.

बारा तारखेला डोस घेऊन ती सरळ कार्यालयात आली. "डाव्यावरच घेतला, काका. त्याला आता इथली माहिती झालीय," म्हणाली आणि खांद्यापासून हात सोडवू लागली.

"जरा थांब," मी म्हणालो. "जागा करतो."

टेबलावर कल्याणीचा हात होता. तो मी थोडा भिंतीकडे सरकवला.